सतरावी तोटी

परबमेस्त्रींना दुसऱ्याने काही ओतलेलं बघवत नसे. काहीही. चहा, ताक, डिझेल, अभिषेकाचं पाणी. समोरच्याने भांडं कलतं केलं की मेस्त्रींचा श्वास अडकायचा, मान आपोआप त्याच बाजूला कलायची, आणि एक थेंब जरी बाहेर पडला तरी तोंडातून "श्श" असा आवाज यायचा.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत. सतरंजीवर पंगत बसली होती आणि एका बड्या साहेबांच्या सौभाग्यवती झाकणाच्या जगमधून मठ्ठा वाढत होत्या. मठ्ठा येत नव्हता, येत नव्हता, आणि मग एकदम भक्कन आला तो वाटी सोडून पानभर. पुढच्या पानावर पुन्हा तेच. तेवढ्यात कोपऱ्यातला एक बुटका, काळासावळा माणूस तोंडातला घास तसाच ठेवून उठला, बाईंच्या हातून जग काढून घेतला आणि म्हणाला, "वहिनी, असं नको. आधी वाऱ्याला वाट द्या." त्याने झाकण बोटाने जरासं उचललं आणि जग कलता केला. मठ्ठ्याची एक सरळ, बारीक धार वाटीत उतरली. आवाज नाही, शिंतोडा नाही. सगळी पंगत त्या धारेकडे बघत राहिली. मग त्याने जग परत दिला आणि आपल्या पानावर जाऊन वरणभात कालवायला लागला.

मी शेजारच्याला विचारलं, "हा कोण वेडा?" तो म्हणाला, "वेडा काय, तुझ्याच खात्यात फिटर आहे तो. उद्या भेटेल."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकहून नवानवा आलो होतो. मीना अब्दुल्लाला रिफायनरीच्या पट्ट्यात एका कंत्राटदाराकडे मेंटेनन्स इंजिनियर म्हणून लागलो होतो, आणि नव्या इंजिनियरला असतो तेवढा सगळा शहाणपणा माझ्यात होता. परबमेस्त्री देवगडच्या अलीकडच्या एका गावचे. पन्नाशीला टेकलेले, मूलबाळ नाही, बायको गावी. कंपनीच्या कॅम्पवर चौघांत एक खोली. खिशात एक लहानशी कानस, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि गावठी तपकीर. तांब्यात काम करून करून बोटांची टोकं हिरवट झालेली. बोलणं कमी. कामात कुठे चूक नाही, पण मधेच हात थांबायचा आणि डोळे लांब कुठेतरी जायचे. मग समजायचं की डोक्यात तोटी चालू आहे.

तोटी म्हणजे कॅनच्या तोंडाला लावतात ती. ज्यातून तेल ओततात ती. जगात युद्धं झाली, सरकारं पडली, आमचे पगार तीन-तीन महिने लांबले, पण मेस्त्रींचा राग फक्त एका गोष्टीवर होता, ती म्हणजे हल्लीच्या तोट्या. "साहेब, जुन्या पत्र्याच्या कॅनला मागे एक बोंडूस होतं बघा, बारकं बूच. ते उघडलं की वारा आत, तेल बाहेर. कोणीतरी शहाण्या माणसानं केलेलं होतं. आता ह्यांनी ते बोंडूस बंद केलंनी. का? तर वाफ बाहेर जाते. अहो, वाफ वाचवलीत आणि अर्धा लिटर तेल माणसाच्या पायजम्यावर!"

मला हसू यायचं. मी म्हणायचो, "मेस्त्री, नरसाळं वापरा."

"नरसाळं?" असं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मी गप्प बसायचो.

पुढे दोन हजारनंतर कधीतरी कंपनीत ते लाल प्लॅस्टिकचे कॅन आले. सेफ्टी खात्याने मागवलेले, चाळीस नग, अगदी आधुनिक. त्याच्या तोटीला एक कडं, एक हिरवं बटण, एक स्प्रिंग आणि एक आकडा. कडं फिरवायचं, हिरवं बटण अंगठ्याने आत दाबायचं, दाबून धरायचं, आकडा टाकीच्या तोंडाला अडकवायचा, वरून कॅनचं सगळं वजन तोटीवर रेटायचं, आणि मग म्हणे तेल येणार. एकूण तीन हात लागत होते. चौथा घाम पुसायला.

सेफ्टी ऑफिसरने यार्डात आम्हा सगळ्यांना उभं करून प्रात्यक्षिक ठेवलं. सज्जन माणूस होता बिचारा. एका हातात माहितीपत्रक, दुसऱ्या हाताने वाचत वाचत कृती. ऊन असं की समोरच्या टाक्या पाण्यात ठेवल्यासारख्या हलत होत्या. त्याने कॅन जनरेटरवर रेटला. काही नाही. आणखी रेटला. कॅनच्या पोटातून "गुडूक" असा आवाज आला. त्याने वाकून बघितलं, आणि नेमकी तेव्हाच तोटीने एक सणसणीत पिचकारी मारली, ती त्याच्या बाहीतून आत गेली आणि कोपराशी बाहेर आली. आम्ही सगळे हसत सुटलो. मेस्त्री मात्र हसले नाहीत. हात पाठीशी बांधून, डोळे मिटून उभे होते. नातलगाच्या ऑपरेशनला बाहेर उभं राहावं तसे.

"साहेब," ते संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "एक कॅन मला द्या. गुरुवारपर्यंत."

मी दिला. मेस्त्री शुवैखला गेले. तिकडे गॅरेजांच्या गल्ल्यांत त्यांच्या ओळखी होत्या. गाडीच्या टायरचा जुना व्हॉल्व्ह आणला, त्याच्या पोटातली पिन काढून टाकली, कॅनच्या वरच्या मागच्या कोपऱ्याला भोक पाडून तो त्यात घट्ट बसवला. टोपण काढलं की वारा आत, लावलं की कॅन बंद. तोंडाला स्वतः वळवलेली तांब्याची तोटी, तिच्या आत आणखी एक बारीक नळी. गुरुवारी दुपारी जेवणानंतर यार्डात येऊन त्यांनी तो कॅन एका हाताने कलता केला.

तो क्षण मला अजून स्वप्नात बघितल्यासारखा आठवतो. धुळीचा दिवस होता, सूर्य पांढरा झाला होता, लांबच्या चिमणीवरची ज्योत धुरकटात नुसती हलत होती. आणि त्या सगळ्यात डिझेलची ती सोनेरी धार. हलत नव्हती, तुटत नव्हती. खाली उतरते आहे की तिथेच थांबली आहे तेही कळत नव्हतं. वीस-पंचवीस माणसं, चार-पाच देशांची, धारेकडे बघत उभी. सेफ्टी ऑफिसरसुद्धा. टाकी काठाला आली तसं त्यांनी व्हॉल्व्हवर अंगठा ठेवला आणि धार थांबली. मेस्त्रींनी कॅन सरळ केला, तोटीच्या टोकाला तळहात लावला आणि तो उलटा करून आम्हाला दाखवला. कोरडा.

अर्थात नियमात ते बसत नव्हतं. भोक पाडलेल्या कॅनला सेफ्टी खातं मंजुरी देईना. मग आमच्या यार्डात असा रिवाज पडला की तपासणीच्या दिवशी सगळ्या कॅनवर कंपनीच्या हिरव्या बटणाच्या तोट्या आणि व्हॉल्व्हवर लाल पट्टी, आणि तपासणीवाल्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मेस्त्रींच्या तोट्या. हे सेफ्टी ऑफिसरला ठाऊक होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी तोच येऊन आठवण करायचा.

आता तुम्ही म्हणाल, असतो एखाद्याला नाद. मलाही तसंच वाटायचं. पण शुक्रवारी मेस्त्री माझ्या घरी यायला लागले आणि मला खरी गोष्ट कळली.

मी रिग्गईला राहायचो, मी, माझी बायको मंजू आणि लेक ईशा. कॅम्पवर फोनसाठी रांग लागायची, म्हणून मीच म्हटलं, मेस्त्री, शुक्रवारी माझ्याकडे या, माझ्या फोनवरून बोला. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, आंघोळ करून, केसांना तेल चोपडून, हातात गरम खुबूसची, म्हणजे तिकडच्या रोट्यांची, पिशवी आणि बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, घेतलेलं कॉलिंग कार्ड घेऊन ते हजर. खुबूस माझ्या बायकोच्या हातात द्यायचे, सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे आणि गावातल्या फोन बूथचा नंबर फिरवायचे. तिकडे ठरल्या वेळी त्यांची बायको येऊन बसलेली असायची.

तेवीस वर्षांत हा माणूस बायकोबरोबर सगळा मिळून दोन-अडीच वर्षं राहिला असेल. आठवड्यात एकदा फोन. मला वाटलं, आता कसा बोलेल, भरभरून बोलेल. मी मुद्दाम उठून आत गेलो. पण आवाज येतच होता, आणि पहिलं वाक्य आलं, "गळता काय गो?"

मग बराच वेळ ऐकणं. मग, "किती थेंब?" मग, "खयसून?" म्हणजे कुठून. "तोंडाकडसून काय बुडाकडसून?" मग, "बरा, बरा. बघतंय मी." आणि कार्ड संपलं.

मंजू माझ्याकडे बघायला लागली, मी मंजूकडे. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मंजूला राहवेना. "अहो, त्यांना सांगा ना जरा. बाईला तब्येत विचारा, जेवलीस का विचारा, पाऊसपाणी विचारा. तोटी काय तोटी!" आमची ईशा तर कार्टून बघता बघता जाहीर करायची, "डॅड, अंकल इज टॉकिंग अबाउट द लीक अगेन." मीही एकदा चिडूनच म्हटलं, "मेस्त्री, काय हे? दुसरं काही बोलायचं नाही का?"

ते खुबूसच्या पिशवीची गाठ सोडत बसले. मग खाली बघतच म्हणाले, "तिचा हात जळला होता साहेब."

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती घरात एकटी, कॅनमधून स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होती. कॅनने नेहमीसारखी उचकी दिली, तेल ओट्यावरून खाली ओघळलं, पदराला लागलं. तिला कळलं नाही. तिने काडी ओढली. पेटलेला पदर तिने उजव्या हाताने विझवला. जीव वाचला, पण त्या हाताची तीन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. "मला पत्र विसाव्या दिवशी आलं," मेस्त्री म्हणाले. "विसाव्या दिवशी! तोवर मी हसत होतो, जेवत होतो, पत्ते खेळत होतो. तिकडे माझ्या बायकोचा हात जळून गेला आणि मी इथे पत्ते खेळत होतो, साहेब."

मंजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली.

तर त्या विसाव्या दिवसापासून मेस्त्री तोटी करत होते. तीन न वळणाऱ्या बोटांनी, एका हाताने, न बघतासुद्धा रॉकेल ओतता यावं आणि एक थेंब बाहेर पडू नये अशी तोटी. एक झाली की गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायची. लोक टेप पाठवत, ब्लँकेटं पाठवत, अत्तरं पाठवत. मेस्त्री तोटी पाठवत. मग शुक्रवारी विचारायचं, गळते का. ती सांगायची, जरासा गळता. की पुन्हा कानस, पुन्हा तांबं, पुन्हा लांब कुठेतरी गेलेले डोळे. अशा सोळा झाल्या होत्या.

सतरावी झाली तेव्हा मी सुट्टीवर निघालो होतो. मंजूच्या माहेरचं लग्न सावंतवाडीला. मेस्त्रींनी ती तोटी मलमलच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि बरोबर एक लोखंडी घडीची चौकट. त्या चौकटीत कॅन ठेवायचा आणि बोटाने नुसता ढकलायचा, कॅन स्वतःच कलतो, हात सोडला की परत सरळ. उचलायचं कामच नाही. मेस्त्री तिला पाळणा म्हणत. वर्कशॉपमध्ये कुणीतरी ओरडलं होतं, "काय मेस्त्री, पाळणा हलवताय?" मेस्त्री सगळ्यांबरोबर हसले होते. मला हसता आलं नव्हतं.

"ह्या वेळी गळणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. ती फोनवर सांगते ते वेगळं आणि इंजिनियर माणसानं बघितलेलं वेगळं."

विमानतळावर माझी बॅग अडवली. साहजिकच आहे. दारूबंदीच्या देशात एखाद्याच्या सामानातून तांब्याची वळलेली दुपदरी नळी निघाली तर कुणाला काय वाटेल? तरुण अधिकारी होता. त्याने नळी उजेडात धरली, हुंगली आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "शिनू हाज़ा?" म्हणजे, हे काय आहे? माझं अरबी तेव्हा भाजी आणि टॅक्सीपुरतं. कॅन, तेल, परब, पाळणा, सगळं सांगून झालं. मंजू पुटपुटत होती, "घ्या, आणखी घ्या लोकांची पार्सलं." शेवटी मी पाण्याची बाटली घेतली, तोटीचं रबरी बूच तिच्या तोंडात बसवलं आणि एका कागदी पेल्यात धार धरली. पेला काठोकाठ भरला आणि धार थांबली. अधिकाऱ्याने बाटली माझ्या हातून घेतली आणि स्वतः ओतून बघितलं. मग पुन्हा. मग शेजारच्याला हाक मारली, "शूफ, शूफ!" बघ, बघ! दोघं मिळून ती धार बघत बसले. काचेबाहेर विमानं धुरकटात उभी होती, आमच्या विमानाची शेवटची हाक होत होती, आणि ते दोघे शांतपणे पाणी ओतत होते. तोटी मलाच मागून घ्यावी लागली.

लग्न आटोपून मी एकटाच मेस्त्रींच्या गावी गेलो. उतारावरचं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे पोफळी. परबकाकी दारातच उभ्या होत्या. मेस्त्रींपेक्षा बोटभर उंच, हसऱ्या. उजवा हात पदराखाली. "या भाऊ, फोनवर सांगितलंनी तुम्ही येणार ते."

मी आत गेलो आणि थबकलोच. भिंतीवर ओळीने खिळे, आणि एकेका खिळ्याला एकेक तोटी. सोळाच्या सोळा. चिंचेने घासून लख्ख केलेल्या. आणि खाली ओट्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी, ओट्याखाली लाल सिलिंडर.

मी शेगडीकडे बघितलं, मग काकींकडे. त्या ओशाळल्या. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "गावात सगळ्यांनी घेतला तेव्हा भावानं आणून दिला. तेंका सांगू नकात हां, भाऊ."

"अहो, पण मग रॉकेल?"

"रॉकेल कुठलं? समईत तेल घालते तेवढंच."

"मग दर शुक्रवारी गळतं म्हणून सांगता ते?"

काकी चहाचं आधण ठेवायला वळल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "भाऊ, मला त्यांचं तिकडचं काय कळत नाही. त्यांना इकडचं कळत नाही. आधी वर्ष-सहा महिन्यांनी फोन यायचा तेव्हा ते विचारायचे, बरी आहेस? मी म्हणायची, बरी. मी विचारायची, तुम्ही बरे? ते म्हणायचे, बरा. आणि मग नुसते दोघं फोन धरून बसायचो. बूथवाला बघायचा माझ्याकडे. हात जळला आणि तोटी आली. तेव्हापासून बोलायला होतं. गॅस आला म्हणून सांगितलं तर ते तोटी करायचे थांबतील. मग काय बोलू? पुन्हा बरी, बरा?"

मी फडकं सोडून सतरावी तोटी काढली, पाळणा मांडला. काकींनी जुना कॅन शोधून आणला, त्यात पाणी भरलं आणि समोर एक तपेली ठेवली. पदराखालचा हात बाहेर काढला. ती तीन बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली. त्या बोटांनी त्यांनी कॅन नुसता ढकलला.

धार उतरली. पोफळीतून ऊन आत येत होतं ते त्या धारेवर पडलं. आम्ही दोघं बघत राहिलो. तपेली भरली, धार थांबली, कॅन मागे झाला. मी ओट्यावरून हात फिरवला, तोटीच्या टोकावरून फिरवला, बुचाभोवती फिरवला. एक थेंब नाही. मी इंजिनियर माणूस, मला आनंद झाला. म्हटलं, "काकी, जमलं! साफ जमलं!"

काकींचा चेहरा उतरला होता. "ही गळत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी पुन्हा ओतून बघितलं. जोरात ढकलून बघितलं, तिरपा करून बघितला. मग तिथेच पाटावर बसल्या आणि डाव्या हाताने डोळे पुसले. "आता काय सांगू मी त्यांना?"

चहा झाला. बराच वेळ आम्ही दोघं त्या तोटीकडे बघत, तिच्यात खोट कुठे काढता येईल याचा विचार करत बसलो. दोघांनाही काही सापडेना. निघताना काकी खळ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, शेवटी एक थेंब राहतो म्हणून. एकच सांगा. जास्त सांगितलंत तर जिवाला लावून घेतील."

मी परत आलो. पहिल्याच सकाळी मेस्त्री वर्कशॉपच्या दाराशी उभे. तब्येत नाही, लग्न कसं झालं नाही. "गळते?"

"एक थेंब, मेस्त्री. अगदी शेवटी."

"कुठून?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं! मी म्हटलं, "तोंडातून."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. बाहेर धूळ उठली होती, दाराच्या चौकटीत सगळं पिवळं झालं होतं. "तोंडातून नाही गळणार, साहेब. मी महिनाभर तपासली आहे ती."

"मग बुचाकडून असेल."

मेस्त्री हसले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "साहेब, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. शेगडी दोन बर्नरची घेतलीन की एकाची?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"आमच्या वाडीतला एक जण गेल्या वर्षी कॅम्पवर आला ना, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलंन. म्हणाला, आता सगळ्यांकडे गॅस, तुमच्याकडेपण." त्यांनी खिशातून कानस काढली, उगाच अंगठ्यावर फिरवली. "मला बरं वाटलं. आता आगीची भीती कमी. त्या शुक्रवारी फोन केला. म्हटलं, ही आता सांगेल. पण ती बोलली, जरासा गळता. मी विचारलं, खयसून? तर कसं घडाघडा सांगायला लागली! इथून, तिथून, किती, कसा. इतकं ती माझ्याशी लग्न झालं तेव्हापण नव्हती बोलली." त्यांनी कानस परत खिशात टाकली. "मला माहीत आहे ते तिला बोलणार काय तुम्ही?"

"नाही."

"बोलूच नका. तिला वाईट वाटेल."

शुक्रवारी ते आले. तेल चोपडलेले केस, गरम खुबूस, नवं कार्ड. मी ह्या वेळी उठून आत गेलो नाही, आणि मंजूनेही टीव्हीचा आवाज बंद करून ईशाला जवळ घेतलं. मेस्त्रींनी नंबर फिरवला. तिकडून आवाज आला तसे ते सोफ्यावर जरा पुढे सरकले.

"गळता काय गो?"

काकी काहीतरी बोलल्या. थोडंच.

"साहेब म्हणाले माका. पण खयसून गळता, ता तेंका नीट कळाक नाय. तू सांग बघू."

मग तिकडून आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग भरभर. शब्द कळत नव्हते. एक बाई बोलत होती, एवढंच मला सोफ्यापर्यंत ऐकू येत होतं. मेस्त्रींनी डोळे मिटले होते. मधूनमधून "होय", "होय गो", "मगे?" असं म्हणत होते, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन मिशीत जात होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"बरोबर सांगतंस," ते शेवटी म्हणाले. "माझीच चूक झाली थंय. दुसरी करूक व्हयी."

आणि मग कार्ड संपेपर्यंत ती दोघं अठराव्या तोटीबद्दल बोलत राहिली.